दोन तासांच्या सरावामागचे दोन तास

दोन तासांच्या सरावाची आखणी करायला जॉन वुडन यांना जवळजवळ तेवढाच वेळ लागे, आणि हे रोजचं होतं. यूसीएलए या लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे ते १९४८ ते १९७५ अशी २७ वर्षं प्रशिक्षक होते. सकाळी मदतनीस प्रशिक्षकांना घेऊन बसायचं आणि दुपारचं मिनिटन्‌मिनिट ठरवायचं: कुठला ड्रिल किती मिनिटं, कोण कुठल्या बास्केटपाशी, तिथे चेंडू किती लागतील. मग ते सगळं खिशात मावेल अशा तीन बाय पाच इंची कार्डावर उतरवायचं. पाच-दहा मिनिटांचा ड्रिल संपला की शिट्टी वाजे आणि पोरं धावतच पुढच्या जागी जात. रंगात आला म्हणून ड्रिल लांबत नसे आणि फसला म्हणूनही नाही. राहिलेलं उद्याच्या कार्डावर यायचं. सरावाच्या नोंदी वर्षानुवर्षं जपलेल्या असत, त्यामुळे गेल्या हंगामात याच सुमारास काय घेतलं होतं, हेही काढून बघता येई.

आता आकडे एकदाचे सांगून टाकते. वुडन यांच्या संघांनी १२ वर्षांत १० राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. त्यांतली सात १९६७ पासून ओळीने. एकदा सलग ८८ सामने जिंकले, आणि जानेवारी १९७४ मध्ये नोटर डेम विद्यापीठाच्या संघाने ती मालिका ७१-७० अशी एका गुणाने तोडली. एवढं कर्तृत्व असलं की माणसाची वचनं होतात आणि वचनांची पोस्टरं. पंधरा ठोकळ्यांचा त्यांचा ‘यशाचा पिरॅमिड’ ऑफिसांच्या भिंतींवर लागला, व्यवस्थापनाच्या शिबिरांत शिकवला गेला. मला मात्र त्या पिरॅमिडपेक्षा खिशातलं कार्ड जास्त शिकवून जातं. माणसांकडून काम करून घेणं म्हणजे नेमकं काय करणं, ते त्या कार्डावर दिसतं.

वुडन यांचा शेवटचा हंगाम होता १९७४-७५ चा. रोनाल्ड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ त्या हंगामात पॉली पॅव्हिलियन या संघाच्या क्रीडागृहातल्या खुर्च्यांवर वह्या घेऊन बसले. चांगला शिक्षक वर्गात काय बोलतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय, आणि गावातला सर्वांत यशस्वी शिक्षक त्यांना मैदानावर सापडला. त्यांनी प्रशिक्षकाचं एकेक वाक्य, एकेक हावभाव खुणेने नोंदवला. एकूण २,३२६ नोंदी झाल्या. त्यांत शाबासकी सात टक्क्यांच्या आत आणि नुसती नाराजीही साधारण तेवढीच. जवळपास ७५ टक्के नोंदी निव्वळ माहितीच्या होत्या: काय करायचं, कसं करायचं, कधी करायचं. स्फूर्तिदायक भाषण नाही, की ‘आपल्याला जिंकायचंच आहे’ असा घोष नाही. फार झालं तर ‘गुडनेस ग्रेशस सेइक्स अलाइव्ह’ हा त्यांचा ठरलेला उद्गार. शिवी म्हणाल तर तीच, आणि ती ऐकली की खेळाडूंना कळायचं की गडबड आहे.

हे वाचल्यावर मला एक नाद लागला. आम्ही दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो. माझी मुलगी शनिवारी पार्कच्या जिममध्ये बास्केटबॉल खेळते आणि इथल्या रिवाजाप्रमाणे आईबापांपैकी कुणीतरी मदतीला उभं राहायचं असतं. तिच्या संघाच्या कोच निवृत्त शाळाशिक्षिका आहेत. वुडन यांचं नाव त्या आपल्याकडे लोक गुरूचं घेतात तसं घेतात, आणि त्यांच्याही खिशात कार्ड असतं. त्यांना विचारूनच मी बाकावर कागद घेऊन बसू लागले. कागदावर रकाने आखलेले: सूचना, दुरुस्ती, करून दाखवणं, शाबासकी, ओरडा. बोललं काही की त्या रकान्यात काडी.

लांबून बघितलं तर दहा-अकरा वर्षांच्या मुलींचा नुसता कल्ला असतो. कागद हातात घेतला की त्याच कल्ल्याला आकार येतो. कोचचं प्रत्येक वाक्य नावाने सुरू होतं आणि तीन-चार शब्दांत संपतं. ‘माया, गुडघे.’ ‘एला, डावा पाय आधी.’ ‘छान’, ‘जोर लावा’, ‘लक्ष कुठेय’ ही आपली हातची वाक्यं जवळपास नाहीतच. सूचनेचा रकाना काड्यांनी भरून जातो आणि शाबासकीचा ओसाड राहतो. तरी मुलींचे चेहरे पडलेले नसतात. कुणी नाव घेऊन गुडघ्यांबद्दल बोलतं, याचा अर्थ कुणीतरी आपले गुडघे बघतंय, हे त्या वयातही कळतं.

सर्वांत बघण्यासारखी असते ती दुरुस्ती. एक मुलगी छातीपासून पास देताना कोपरं बाहेर काढत होती, त्यामुळे चेंडू फिरत जाऊन समोरचीच्या बोटांवर आपटत होता. कोच तिच्यापाशी गेल्या. आधी स्वतः बरोबर पास दिला: कोपरं आत, अंगठे शेवटी खाली. लगेच तिच्यासारखा दिला, कोपरं पसरून. पुन्हा बरोबर दिला. आणि बाजूला झाल्या. एक शब्द बोलल्या नाहीत, बाकीच्या जोड्या थांबल्याही नाहीत. सगळं चार-पाच सेकंदांचं काम. मुलीने चेंडू घेतला, कोपरांकडे एकदा बघितलं आणि दिला. पुढचा पास आधीच्यापेक्षा सरळ गेला.

बरोबर, चूक, बरोबर. वुडन हेच करत, आणि थार्प-गॅलिमोर यांना ते इतकं वेगळं वाटलं की नोंदवहीत त्या प्रकाराला त्यांनी वुडन यांचंच नाव दिलं. यातली मेख क्रमात आहे. चूक दाखवली जाते, पण ती दोन बरोबरच्या मधे अडकलेली असते, म्हणून डोळ्यांपुढे शेवटचं चित्र राहतं ते बरोबरचं. शिवाय त्यात विशेषण नाही. ‘आळशी’, ‘बेफिकीर’, ‘कितीदा सांगायचं’ यांतलं काहीच नाही, त्यामुळे मुलीला स्वतःच्या बचावात काही बोलावं लागत नाही. तिने फक्त चेंडू टाकायचा असतो. ऑफिसात कुणाचा अहवाल परत करताना आपण आधी त्याच्या स्वभावाबद्दल बोलतो आणि तिसऱ्या परिच्छेदातला आकडा चुकलाय हे शेवटी सांगतो. ही दुरुस्ती त्याच्या नेमकी उलट.

वुडन मुळातले इंग्रजीचे शिक्षक. इंडियानातल्या शेतकरी घरातला मुलगा, पर्ड्यू विद्यापीठाचा नावाजलेला खेळाडू, मग शाळेत इंग्रजी शिकवत शिकवत संघाचा प्रशिक्षक. शिकवण्याची त्यांची रीतही शाळेतलीच: समजावून सांगा, करून दाखवा, करायला लावा, चुकलं तर सुधारा आणि मग घोटून घ्या. घोटण्याला त्यांच्या लेखी तोड नव्हती.

घोटणं सुरू होई पायमोज्यांपासून. हंगामाच्या पहिल्या दिवशी देशभरातून वेचून आणलेले सहा-सात फुटी जवान बाकावर बसत आणि प्रशिक्षक त्यांना मोजे कसे घालायचे ते शिकवत. आमच्या कोचही तेच करतात. मोजा चढवायचा आणि करंगळीपाशी हात फिरवून बघायचा, मग टाचेपाशी. कुठे चुणी राहिली असेल तर काढायची. मोजा वर ताणून धरूनच पाय बुटात घालायचा. नाडी वरून एकदम ओढायची नाही, खालच्या भोकापासून एकेक करत आवळत यायची आणि शेवटी दुहेरी गाठ. मुली खिदळतात, कारण त्यांना वाटतं हे आपल्याला बालवाडीपासून येतं. मग कोच विचारतात, चुणी राहिली तर काय होईल? फोड येईल. फोड आला तर? पळता येणार नाही. नाडी सुटली तर? तीही ऐन सामन्यात? खिदळणं हळूहळू थांबतं. वुडन यांनी खेळाडूंच्या बुटांची मापंही नव्याने घेतली होती, कारण बहुतेक जण पायापेक्षा मोठे बूट घालत आणि थांबताना पाय आत घसरे.

यात शिस्तीचं नाटक नाही, कार्यकारणाची साखळी आहे. फोड, मग चुकलेला सराव, मग चुकलेला सामना. पुढाऱ्याने साखळीची पहिली कडी शोधून तिथे स्वतः हात घालायचा. कुठलं काम आपल्या पायरीचं आणि कुठलं नाही, हा हिशेब वुडन यांच्याकडे नव्हता. १९६५ मध्ये पॉली पॅव्हिलियन उभं राहण्याआधी संघ तिसऱ्या मजल्यावरच्या जुन्या, कोंदट जिममध्ये सराव करायचा. त्याच वेळी बाजूला कुस्ती आणि जिम्नॅस्टिक्सही चालू असायचं. सरावाआधी जमिनीवरची धूळ काढायला वुडन हातात बादली घेऊन अंगणात सडा घालावा तसं पाणी शिंपडत पुढे जायचे आणि संघाचे विद्यार्थी-व्यवस्थापक मागून पुसत यायचे.

बास्केट केली की ज्याने पास दिला त्याच्याकडे बोट दाखवायचं किंवा मान हलवायची, हाही त्यांचा नियम. एका खेळाडूने विचारलं म्हणतात, त्याचं लक्षच नसलं तर? असेल, लक्ष असेलच, असं उत्तर मिळालं. आमच्या जिममध्ये हा नियम लागला तेव्हा मुली आधी लाजल्या. पुढे मी बघितलं की पास देणारी बास्केट झाल्यावर खरंच मान वर करून बघते. मग पास देण्यातही चढाओढ लागते.

वुडन सुरुवातीपासून जिंकत होते असं नाही. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं ते १९६४ मध्ये, यूसीएलएतल्या त्यांच्या सोळाव्या हंगामात. त्या संघात सुरुवातीच्या पाचांत साडेसहा फुटांचा एकही नव्हता. पूर्ण मैदानभर दडपण आणणारा झोन प्रेस वापरून बघू, हा आग्रह मदतनीस प्रशिक्षक जेरी नॉर्मन यांचा होता. वुडन यांनी तो मानला आणि त्या वर्षी संघ ३० सामने खेळून ३० जिंकला. सकाळच्या त्या बैठकीत मदतनिसांनी मान डोलवणं त्यांना नको होतं, वाद घालायला हवा होता.

नियमाला माणूस बघून सूट देण्याचा मोह त्यांना नव्हता. बिल वॉल्टन हा त्या काळचा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू एकदा दाढी वाढवून सरावाला आला आणि म्हणाला, हा माझा हक्क आहे. तुझ्या तत्त्वांबद्दल आदर आहे, पण तुझी उणीव आम्हाला भासेल, अशा अर्थाचं वुडन शांतपणे बोलले. वॉल्टन दाढी काढून वेळेत परतला आणि पुढे आयुष्यभर हा किस्सा स्वतःच रंगवून सांगत राहिला. त्याच निग्रहाची जुनी, जास्त मोलाची बाजू १९४७ ची आहे. वुडन तेव्हा इंडियाना स्टेट या कॉलेजचे प्रशिक्षक होते. त्यांच्या संघाला राष्ट्रीय स्पर्धेचं बोलावणं आलं, पण कृष्णवर्णीय खेळाडूंना तिथे बंदी होती. संघात क्लॅरेन्स वॉकर होता. वुडन यांनी बोलावणं नाकारलं. पुढच्या वर्षी बंदी उठली आणि संघ वॉकरसह गेला.

मूर्तीला रंग चढवायचा नसेल तर दुसरी बाजूही सांगावी लागते. बाकावर बसून, गुंडाळलेला कागद तोंडाशी धरून ते पंचांना आणि समोरच्या खेळाडूंना टोमणे मारत, याची तक्रार प्रतिस्पर्धी कायम करत. सॅम गिल्बर्ट नावाचा एक धनिक चाहता खेळाडूंना पैसे आणि सवलती पुरवत होता, हे वुडन निवृत्त झाल्यावर उघड झालं. १९८१ मध्ये विद्यापीठावर कारवाई झाली आणि गिल्बर्टशी संबंध तोडायचा आदेश निघाला. वुडन यांचा त्यात हात असल्याचं सिद्ध झालं नाही. पण करंगळीजवळची चुणी ज्याच्या नजरेतून सुटत नव्हती, त्याला खेळाडूंच्या अंगावरचे नवे कपडे कसे दिसले नाहीत, हा प्रश्न उरतोच. कार्डावर जे होतं ते त्यांनी चोख केलं. कार्डाबाहेरचं बघणंही पुढाऱ्याच्याच वाट्याला येतं.

थार्प आणि गॅलिमोर २००४ मध्ये आपल्या जुन्या अभ्यासाकडे परत वळले. त्यांनी मोजली होती ती मैदानावरची वाक्यं. कुणाला, कधी, काय सांगायचं याची सकाळची तयारी त्या मोजणीत आलीच नव्हती, हे त्यांनी त्या वेळी मांडलं. चार शब्दांची सूचना अचूक बसते ती त्या खेळाडूला काल काय जमलं नव्हतं हे सांगणाऱ्याला ठाऊक असतं म्हणून. माझ्या रकान्यांतूनही ते सुटत होतं. ‘एला, डावा पाय आधी’ ही मी सूचनेत टाकलेली एक काडी. कोचच्या कार्डावर एलाचं नाव गेल्या शनिवारपासून होतं.

या पद्धतीचा खरा हिशेब लागतो तो स्वेन नेटरपाशी. उंचापुरा, पण वॉल्टनच्या मागे राखीव. यूसीएलएकडून एकाही सामन्यात सुरुवातीच्या पाचांत त्याला जागा मिळाली नाही. वुडन यांची शाबासकी जास्त करून अशांच्याच वाट्याला यायची. गाजलेल्यांचं कौतुक करायला बाहेर जग होतं. रोज दुपारी वॉल्टनशी झुंजून नेटर इतका तयार झाला की १९७३ मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत पहिल्याच फेरीत त्याचं नाव आलं. पुढे त्याने गॅलिमोर यांच्याबरोबर वुडन यांच्या शिकवण्यावर पुस्तक लिहिलं. सामने बघून कुणी वुडन यांचं मोल करेल तर नेटर त्याला दिसणार नाही. तो घडला सरावात, आणि आपल्या संघातल्या सर्वांत कमी खेळणाऱ्या माणसासाठी आजच्या कार्डावर काय आहे, हे कुठल्याही पुढाऱ्याला विचारता येतं.