जिनिव्हातील आढावा आणि भारत
संयुक्त राष्ट्रांच्या प्रत्येक सदस्य देशाचा मानवी हक्क परिषदेत ठरावीक वर्षांनी सार्वत्रिक आढावा घेतला जातो. भारताची पाळी २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये आली. सरकारचा अहवाल, संयुक्त राष्ट्रांचे संकलन आणि स्वयंसेवी संस्थांच्या निवेदनांचा सारांश समोर ठेवून जिनिव्हात साडेतीन तास चर्चा होते. प्रश्न विचारणारे आणि शिफारशी करणारे इतर देशच असतात, आणि त्यांतल्या कोणाचीच पाटी कोरी नसते. नकोशी शिफारस फेटाळली असे म्हणण्याची इथे रीत नाही; ‘नोंद घेतली’ एवढ्यावर भागते. छळविरोधी कराराचेच पाहा. भारताने त्यावर १९९७ मध्ये सही केली, पण अनुसमर्थन अजून बाकी आहे. दर फेरीत अनेक देश तीच आठवण करून देतात. शिफारशी बंधनकारक नसल्याने पाठपुरावा मुख्यतः देशातल्या संस्था आणि पत्रकारांवरच येऊन पडतो.