दहा बाय दहाचा कारखाना

‘वर्कशॉप’ म्हटलं की आपल्याला काय आठवतं? फर्स्ट इयरचा खाकी अ‍ॅप्रन, कधीच काटकोनात न येणारा फिटिंगचा जॉब आणि व्हायव्हाचं टेन्शन! पण मित्रांनो, एके काळी बूट बनवणारं वर्कशॉप आपल्या होस्टेलच्या रूमएवढंच असायचं, आणि तेही घराच्या परसात.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात लिन नावाचं गाव आहे. १८व्या शतकाच्या शेवटापासून १९व्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथे बूट बनवणाऱ्यांच्या घरामागे एक लाकडी खोली असायची. साधारण १० फूट लांब, १० फूट रुंद, म्हणून नावच ‘टेन-फूटर’. टाका नीट दिसावा म्हणून खिडक्या. थंडीत बोटं आखडू नयेत म्हणून शेगडी. बसायला बुटकं बाक, त्याच्याच एका टोकाला हत्यारं, म्हणजे दर वेळी उठायला नको. व्यापारी कातडं कापून द्यायचा, घरातल्या बायका बुटाचा वरचा भाग शिवायच्या आणि खोलीतले चार-पाच जण तळ जोडायचे. आपण प्लँट लेआउटमध्ये जे घोकतो, ते सगळं त्या शंभर चौरस फुटांत होतं. हेन्री विल्सन हा असाच नॅटिक गावचा बूट बनवणारा. तो १८७३ मध्ये अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष झाला! त्याची खोली तिथे अजून जपून ठेवलेली आहे.

मग ह्या खोल्या गेल्या कुठे? १८५२ मध्ये लिनमध्ये शिलाई मशीन चामड्यावर चालवलं गेलं. १८५८ मध्ये लायमन ब्लेकने तळ शिवायच्या मशीनचं पेटंट घेतलं. पुढे वाफेचं इंजिन, शाफ्ट, पट्टे आले, आणि हे सगळं दहा फुटांत बसणार कसं? मशीन माणसाच्या घरी येईना, म्हणून माणूस मशीनकडे गेला. १८६० मध्ये मजुरीसाठी तिथे मोठा संपही झाला.

आपल्याकडे मात्र घरातला कारखाना पूर्ण बंद झाला नाही. कोल्हापुरी चपलेचं बरंचसं काम आजही कारागिराच्या घरातच चालतं. रापीने तळ कापायचा, आरीने भोक पाडायचं आणि चामड्याच्या वादीने शिवायचं, खिळा नाही. पट्ट्यांची वेणी घालायचं नाजूक काम बहुतेक बायकांकडे. सगळी हत्यारं हातात मावतात, बैठक जमिनीवर, त्यामुळे शाफ्टसाठी घर मोडायची वेळ आली नाही. कातडं कमावायला मात्र अंगण आणि पाणी लागतं. आधी चुन्याची कुंडी, मग बाभळीची साल आणि हिरडा. कातड्याची पिशवी शिवून त्यात सालीचं पाणी भरायचं आणि ती टांगून ठेवायची. हे काम ढोर (कक्कय्या) समाजाचं. ही घरं गावाच्या कडेला का, तर नुसत्या वासामुळे नाही. घराची जागा जातीने ठरवली होती, हे आपण स्पष्ट म्हटलं पाहिजे.

ह्या चपलेला २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये तशाच दिसणाऱ्या चपला आणल्या आणि केवढा वाद झाला! पण चर्चा झाली ती चपलेच्या डिझाइनची. ती जिथे बनते त्या खोलीबद्दल कुणी फारसं बोललं नाही.

आता आपल्या नांदेड-लातूरकडे या. इथल्या गावांत चर्मकार वहाणा करायचे, विहिरीवरची मोट शिवायचे आणि सुगीला बलुतं म्हणून धान्य मिळायचं. विजेचे पंप आले, मोट गेली. दुकानात तयार चप्पल आली आणि मग वहाणाही गेल्या. राहिलं ते दुरुस्तीचं काम, आणि ते गेलं शहरात, रस्त्याच्या कडेला. गटई कामगारांना सरकारी योजनेतून १०० टक्के अनुदानावर पत्र्याचा स्टॉल मिळतो. म्हणजे परसातली खोली बारीक होत होत पत्र्याच्या डब्यावर आली.

योजना चांगलीच आहे, डोक्यावर छप्पर तर आलं. पण मे महिन्यात पारा ४२च्या वर जातो तेव्हा त्या डब्यात बसून बघा! मी एकदा आमच्या गेटजवळच्या काकांना विचारलं, तर ते हसून म्हणाले, “आत सामान बसतंय, मी भाईर झाडाखाली बसतो.”

इथे खरं तर आपलं काम आहे. छताला दुहेरी पत्रा, मध्ये तीन-चार इंच हवा खेळती, वरून पांढरा चुना. वर उचलला की सावली देणारं दार, मागे एक झडप. यातलं काहीही सेकंड इयरच्या बाहेरचं नाही. टेन-फूटर बांधणाऱ्यांनी आधी बसणाऱ्या माणसाचा विचार केला, मग भिंती उभ्या केल्या. आपण दर वर्षी मिनी प्रोजेक्टला तीच ती जुनी फाइल झेरॉक्स करतो. यंदा सिव्हिल आणि मेकॅनिकलच्या कुणी हा स्टॉल घेतला तर? तुटलेली चप्पल घेऊन आपण तिथे जातोच. पुढच्या वेळी सोबत एक मेजरिंग टेप न्या, आणि ड्रॉइंग करायच्या आधी काकांना विचारा.