तारलीचे तेल : घटक, खाद्योपयोग आणि अहिल्यानगर जिल्ह्याचा आहार

प्रस्तावना
अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. ओमेगा-३ मेदाम्लांचा येथील परिचित स्रोत म्हणजे जवसाची चटणी. जवसाच्या तेलात सुमारे निम्मे अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. परंतु शरीर त्याचे दीर्घ साखळीच्या ओमेगा-३ मेदाम्लांत अल्प प्रमाणातच रूपांतर करते. तारलीसारख्या लहान सागरी माशांत ही मेदाम्ले आयती मिळतात. या माशांच्या तेलाचे घटक व खाद्योपयोग यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तेलाचे घटक
कॉड माशाचा मेद मुख्यत्वे यकृतात, तर तारलीचा मांसात साठतो. पावसाळ्यात अरबी समुद्रात वनस्पती-प्लवक वाढतात. त्यांवर पोसलेल्या तारलीतील मेद पावसाळ्यानंतर वाढतो. या तेलात पामिटिक, मिरिस्टिक व ओलेइक आम्लांबरोबरच इकोसापेंटीनॉइक (२० कार्बन, ५ दुहेरी बंध) व डोकोसाहेक्झीनॉइक (२२ कार्बन, ६ दुहेरी बंध) ही आम्ले असतात. पहिले आम्ल रक्तातील ट्रायग्लिसराइड कमी करण्यास साहाय्यभूत ठरते. दुसरे मेंदू व दृष्टिपटलाचा घटक आहे.

खाद्योपयोग व मर्यादा
दुहेरी बंध जितके अधिक, तितके तेल हवेतील ऑक्सिजनमुळे लवकर खवट होते. म्हणून हे तेल फोडणीस वा तळणास योग्य नाही. मासे शिजवून व दाबून काढलेल्या तेलाचे उदासीनीकरण, विरंजन व दुर्गंधनाशन करावे लागते. त्यानंतर ते कॅप्सूलमध्ये भरतात किंवा सूक्ष्म आवरण देऊन पाव, दुग्धपदार्थ व शिशुआहारात मिसळतात. पूर्वी युरोपात हायड्रोजन मिसळून त्यापासून मार्गारीन बनवीत. त्या प्रक्रियेत ओमेगा-३ नष्ट होत असे.

निष्कर्ष
अन्न व कृषी संघटनेच्या २०१० च्या अहवालात प्रौढांसाठी या दोन आम्लांचे दैनिक प्रमाण किमान २५० मिलिग्रॅम सुचविले आहे. तारलीच्या मांसात १० टक्के मेद व त्या मेदात ही आम्ले २० टक्के मानल्यास १०० ग्रॅम मांसातून २ ग्रॅम, म्हणजे आठ दिवसांची गरज भागते. सबब मांसाहारी कुटुंबास महाग कॅप्सूलऐवजी आठवड्यातून एकदा ताजी तारली पुरेशी ठरू शकते. मात्र उन्हात वाळविताना ही आम्ले ऑक्सिडीकरणाने घटतात. त्यामुळे सुकी मासळी हा ताज्या तारलीस पूर्ण पर्याय नव्हे. किनाऱ्यापासून दूरच्या जिल्ह्यात खरा प्रश्न तेलाच्या उपलब्धतेचा नसून बर्फात मासळी टिकवून आणणाऱ्या अखंड शीतसाखळीचा आहे. शाकाहारी व्यक्तींसाठी सागरी शैवालापासून काढलेले तेल हा पर्याय आहे.