आपत्ती-साक्षरता, प्रौढांची

आपत्तीची पूर्वसूचना समजून घेणे, संकटकाळी योग्य ठिकाणी संपर्क साधणे आणि नंतरच्या साहाय्यासाठी लागणारे कागदोपत्री व संगणकीय व्यवहार स्वतः करणे, यांसाठी प्रौढ व्यक्तीस आवश्यक असलेली भाषिक व तांत्रिक क्षमता. ही प्रौढ साक्षरतेची उपयोजित शाखा होय. तिची निकड कोयना–कृष्णा खोऱ्यात विशेष जाणवते.

पार्श्वभूमी : कोयनानगर (ता. पाटण, जि. सातारा) येथे ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे झालेल्या भूकंपात सु. १८० माणसे दगावली व बहुतेक घरांची हानी झाली. कोयना कराड येथे कृष्णेस मिळते. तेथून खाली सांगलीपर्यंतच्या नदीकाठास २००५, २०१९ व २०२१ मध्ये महापुराचा तडाखा बसला. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे दरडी कोसळून जीवितहानी झाली. याच सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली व पुढे ती राज्यभर पसरली. लेखन, वाचन व अंकज्ञान हे तिचे मुख्य उद्दिष्ट होते. आज तेवढ्याने आपद्‌ग्रस्ताचे काम भागत नाही.

भाषेची अडचण : मराठी बोलणाऱ्यासही शासकीय मराठी नव्याने शिकावी लागते. धरणातील ‘विसर्ग’ म्हणजे सोडलेले पाणी आणि ‘क्युसेक’ म्हणजे दर सेकंदास एक घनफूट प्रवाह, हे ठाऊक नसेल, तर सूचना वाचता येऊनही धोक्याचा अंदाज येत नाही. पंचनामा, सानुग्रह अनुदान, वारस दाखला हे शब्दही असेच होत. इतर भाषिक प्रदेशांतून आलेल्या मजुरांना तर मराठीच शिकावयाची असते. म्हणून अशा सूचना सोप्या शब्दांत, व जेथे जरूर तेथे दोन भाषांत, देणे इष्ट ठरते.

संगणकीय व्यवहार : २०२१ पासून राज्यभर राबविण्यात आलेल्या ई-पीक पाहणीत खातेदार मोबाइलवरून आपल्या पिकाची छायाचित्रासह नोंद करतो. साहाय्याची रक्कम सामान्यतः थेट बँक खात्यात जमा होते. नावातील अक्षरभेद, बंद पडलेले खाते किंवा बदललेला मोबाइल क्रमांक यांमुळे मंजूर मदतही अडकून पडू शकते. मोबाइलवर येणारा गुप्त संकेतांक कोणासही न सांगणे, हा या शिक्षणाचा पहिला धडा होय; कारण आपत्तीनंतरच्या धांदलीत फसवणुकीस वाव असतो.

अध्यापनपद्धती : ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे (१९२१–९७) यांनी १९६३ मध्ये आंगिकोस येथे शेतमजुरांना त्यांच्या जीवनातील शब्दांपासून साक्षर केले. त्याच तत्त्वानुसार कोयना खोऱ्यात ‘दरड’, ‘धरण’, ‘पूर’, ‘सातबारा’ या शब्दांपासून पाठ सुरू करता येतो. मग स्वतःचे नाव आधारपत्र, बँकेचे पुस्तक व सातबारा यांवर ताडून पाहणे, नमुना अर्ज भरणे, ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावणे, असा क्रम ठेवता येतो. केंद्र शासनाच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात (२०२२–२७) पायाभूत साक्षरतेबरोबर आर्थिक व डिजिटल साक्षरतेचाही अंतर्भाव आहे.

मर्यादा : आपत्तीत वीज व मोबाइल सेवा प्रथम खंडित होण्याचा संभव असतो. त्यामुळे दवंडी, ध्वनिक्षेपक, आकाशवाणी व छापील पत्रक यांची जागा मोबाइल पूर्णपणे घेऊ शकत नाही. घरातील एकमेव मोबाइल मुलाच्या हाती व तो परगावी, अशी स्थिती असल्यास वृद्ध व स्त्रिया सूचनेपासून वंचित राहतात. महत्त्वाच्या कागदांच्या प्रती घराबाहेर सुरक्षित ठिकाणी ठेवणे हितावह असते. दुसऱ्याकडून अर्ज भरून घेणे ही तात्पुरती सोय आहे. त्या अर्जात काय लिहिले आहे ते स्वतः वाचता येणे, हेच या शिक्षणाचे साध्य होय.