आधी माप, मग स्पिंडल

लहानसा लेथ आपल्या हाताने बांधावा, असं पुष्कळ हौशी कारागिरांच्या मनात असतं. बेड जमतो, बेअरिंगं बाजारात मिळतात. अडतं ते स्पिंडलपाशी. स्पिंडल म्हणजे लेथचा फिरता कणा. त्याच्या तोंडात कॉलेट बसतं आणि बारीक जॉबला चहूकडून सारखं आवळून धरतं. हा कणाच चुकीच्या मापाने कातला, तर चांगलं पोलाद आणि कित्येक दिवसांची मेहनत, दोन्ही भंगारात जातात. म्हणून कॉलेटची मापं आधी हातात हवीत.

पण माप म्हणजे नेमकं कोणतं? आज सर्रास मिळणारं ईआर जातीचं कॉलेट घ्या. स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्स कंपनीने १९७३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढे ते डीआयएन ६४९९ या जर्मन मानकात आलं. त्यातल्या एका आकाराला ‘ईआर ३२’ म्हणतात. हे ३२ कशाचे? कोणी म्हणेल, त्यात ३२ मिलिमीटरची सळई मावत असेल. तसं नाही, साधारणपणे २० मिलिमीटरपर्यंतची मावते. मग कॉलेटचा व्यास असेल? तोही नव्हे, त्याचा सर्वांत मोठा व्यास ३३ आहे. ३२ हे माप आहे कॉलेट ज्या निमुळत्या भोकात बसतं, त्या भोकाच्या तोंडाचं. म्हणजे आकडा कॉलेटच्या नावात, आणि सांगतो मात्र स्पिंडलविषयी!

हे भोक आत निमुळतं होत जातं. मध्यरेषेशी त्याचा उतार एका बाजूने ८ अंश, दोन्ही बाजू मिळून १६ अंश. गणित सोपं आहे. एक मिलिमीटर आत गेलं की व्यास सुमारे ०.२८ मिलिमीटरने कमी होतो. उलट पाहा: तोंड ०.१ मिलिमीटर मोठं झालं, तर कॉलेट ०.३६ मिलिमीटर अधिक खोल बसेल, एवढंच. हे बहुधा चालून जातं. उतार चुकला तर मात्र चालत नाही. कॉलेट एकाच टोकाला टेकतं आणि जॉब डुलू लागतो. म्हणून उताराचा शेवटचा हात स्पिंडल त्याच्याच बेअरिंगमध्ये फिरवून द्यावा, आणि निळा रंग पातळ लावून तो सगळीकडे सारखा उमटतो का, ते पाहावं.

आता बाहेरची बाजू. ईआर ३२ च्या नटाचे आटे ४० मिलिमीटर व्यासाचे, दीड मिलिमीटर पीचचे. आट्यांचा तळ सुमारे ३८.२ वर येतो, आत भोक ३२. म्हणजे तोंडाशी पोलाद उरलं जेमतेम ३ मिलिमीटर. मागे २० ची सळई आरपार जायची, तर भोक त्याहून थोडं मोठं हवं. बेअरिंग ३० मिलिमीटर भोकाचं घेतलं, तर तिथे भिंत ५ मिलिमीटरही राहत नाही. म्हणूनच आखणी आतून बाहेर करावी: आधी सळई, मग कॉलेट, मग नट, शेवटी बेअरिंग.

दुसरी जात अमेरिकेतली, ५सी. तिचं अंग सव्वा इंचाचं, म्हणजे ३१.७५ मिलिमीटर. ती मागून नळीने ओढली जाते, तेव्हा स्पिंडलचं भोक आरपार निदान तेवढं तरी हवंच. बेअरिंगं त्या मानाने मोठी आली. लहान लेथला हा भार बहुधा पेलत नाही. पुढून नटाने आवळलं जाणारं ईआर तिथे सोयीचं.

एक सांगायचं राहिलं. हातातलं कॉलेट व्हर्निअरने मोजून स्पिंडल कातू नये. कॉलेटला खाचा असतात, ते चिमटीत दबतं. शिवाय उतारावर जबडे नेमके कुठे टेकले, ते कळत नाही. मापं मानकातून किंवा उत्पादकाच्या छापील चित्रातून घ्यावीत. सळई २०, तोंड ३२, कॉलेट ३३, आटे ४० आणि उतार ८ अंश, एवढं आपल्या चित्रावर स्वच्छ लिहावं; मगच पोलाद चकात धरावं.