प्रवासात डॉस हवं? मग पेन्सिल सेलवरचं यंत्र घ्या

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर. एवढ्या एसटीच्या प्रवासात मांडीवर लॅपटॉप उघडणं अवघडच. डॉसचे जुने प्रोग्रॅम वापरायला आवडणाऱ्यांनी एचपी २००एलएक्स हा पामटॉप, म्हणजे तळहाताएवढा संगणक, जरूर बघावा.

१९९४ सालचं हे यंत्र. वजन साधारण ३०० ग्रॅम, मिटलं की चष्म्याच्या घराहून थोडं मोठं. एमएस-डॉस ५.० रॉममध्येच असल्यामुळे बटण दाबलं की लगेच काम सुरू. आणि खरी गंमत म्हणजे ते दोन साध्या पेन्सिल सेलवर चालतं! पावसाळ्यात वीज गेली तरी गावच्या दुकानात सेल मिळतातच.

एक मात्र नीट लक्षात ठेवा. यातला सी ड्राइव्ह म्हणजे रॅम. मुख्य सेल आणि आतला बटण सेल दोन्ही संपले की सगळं पुसलं जातं. म्हणून फायली बाजूच्या खाचेतल्या मेमरी कार्डावरच ठेवा. जुना घेताना बिजागरी तडकलेली नाही ना, हे आधी पाहा.

१९८९ चा अटारी पोर्टफोलिओही खिशातला, पण त्यात मेमरी फक्त १२८ केबी. मला तो अपुरा वाटतो.

मराठीचं काय? डॉसच्या काळात पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड देवनागरी दाखवायचं, पण ते मोठ्या संगणकात बसायचं, यात नाही. मराठी लिहायचं असेल तर मोबाइलच बरा.

कुणाच्या कपाटात असा जुना पामटॉप पडून असेल, तर आधी त्यातले सेल काढून ठेवा. ते गळले की आतलं सर्किट खराब होतं.