चौकातील लाल दिवा इतका वेळ का घेतो?



सातारा व कराड यांच्या दरम्यान, कृष्णा आणि तारळी या नद्यांच्या संगमावर उंब्रज हे गाव वसलेले आहे. समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक मारुती येथे आहे. पुणे-बंगळूर महामार्ग गावाला लागूनच जात असल्यामुळे येथील कितीतरी कुटुंबांचा एक पाय गावात, तर दुसरा पुण्यात असतो. मुले तेथे शिकतात वा नोकरी करतात, आईवडील औषधोपचारासाठी तेथे जातात, सणासुदीला हाच प्रवाह उलट दिशेने वाहतो. सातारा मागे टाकून, खंबाटकीचा बोगदा ओलांडून, खेड शिवापूरच्या नाक्यापर्यंत प्रवास बहुधा सुरळीत होतो. खरी कसोटी पुढे, कात्रजपासून स्वारगेटपर्यंतच्या अवघ्या काही किलोमीटरांत लागते. एसटीतून उतरण्यास उतावीळ झालेला प्रवासी घड्याळाकडे पाहतो, चालक हॉर्न वाजवतो, आणि समोरचा लाल दिवा मात्र जागचा हलत नाही.

हा अनुभव केवळ मनाचा भास नव्हे. जगभरातील शहरांच्या वाहतुकीची मोजणी करणाऱ्या टॉमटॉम या संस्थेच्या २०२४ सालच्या निर्देशांकानुसार पुण्यात दहा किलोमीटर अंतर कापण्यास सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद लागत होते, आणि त्या यादीत पुणे जगात चौथ्या क्रमांकावर होते. कोलकाता व बंगळूर ही दोन भारतीय शहरे त्याच्याही पुढे होती. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्याची ही अवस्था विचार करावयास लावणारी आहे.

‘सिग्नलची वेळ कमी का करत नाहीत?’ असा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. त्याचे उत्तर सोपे नसले तरी समजण्यास कठीणही नाही. ते समजले, तर चौकातील आपला संताप थोडा निवळेल आणि आपली जबाबदारीही आपल्या ध्यानी येईल.

सिग्नलचा मूळ हेतू

जगातील पहिला वाहतूक सिग्नल १० डिसेंबर १८६८ रोजी लंडनमध्ये ब्रिटिश संसदेजवळ उभारण्यात आला. रेल्वे क्षेत्रात काम करणाऱ्या जॉन पीक नाइट यांची ती कल्पना होती. दिवसा खांबावरील आडवे हात वर-खाली होत आणि रात्री वायूच्या ज्योतीवर तांबडा व हिरवा दिवा दिसे. एक पोलीस शिपाई ते यंत्र हाताने चालवी. जानेवारी १८६९ मध्ये वायुगळतीमुळे त्याचा स्फोट होऊन तो शिपाई जखमी झाला आणि प्रयोग थांबला. पुढे ५ ऑगस्ट १९१४ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात विजेवर चालणारा सिग्नल सुरू झाला, आणि १९२० साली डेट्रॉइटमध्ये तीन रंगांचा, चारही दिशांना दिसणारा सिग्नल आला.

या इतिहासातील एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. लंडनचा तो पहिला सिग्नल घोडागाड्या वेगाने पळाव्यात म्हणून उभारला नव्हता. गाड्यांच्या गर्दीतून पायी जाणाऱ्यांना सुरक्षितपणे रस्ता ओलांडता यावा, हा त्यामागील हेतू होता. सिग्नल आपल्याला अडवतो असे आपण म्हणतो. वास्तविक तो चौकातील जागा आळीपाळीने वाटून देतो, आणि या वाटणीत पायी चालणाऱ्याचाही हक्काचा वाटा असतो.

वेळ कोठे हरवतो?

सिग्नलने एकदा चारही दिशांना पाळी देऊन पुन्हा पहिल्या दिशेकडे येण्यास लागणाऱ्या वेळेला एक चक्र म्हणतात. या चक्रातील सर्व वेळ वाहनांच्या कामी येत नाही. दिवा हिरवा झाल्यावर पहिल्या वाहनाला हलण्यास दोन-एक सेकंद लागतात. दिवा पिवळा झाल्यापासून चौक पूर्ण रिकामा होईपर्यंत आणखी दोन-एक सेकंद जातात. अशा रीतीने प्रत्येक पाळीमागे साधारण चार सेकंद वाया जातात. चार रस्त्यांच्या चौकात चार पाळ्या धरल्या, तर एका चक्रात सोळा सेकंद कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत.

आता हिशेब करून पाहू. चक्र ६० सेकंदांचे असेल, तर त्यातील १६ सेकंद, म्हणजे सुमारे २७ टक्के वेळ फुकट जातो. चक्र १२० सेकंदांचे केले, तर हे प्रमाण १३ टक्क्यांवर येते. १८० सेकंदांचे केले, तर ते ९ टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणूनच गर्दी वाढली की अभियंते चक्र लांबवतात. पाळ्या कमी वेळा बदलल्या की वाया जाणारा वेळ वाचतो आणि तासाभरात चौकातून अधिक वाहने पार होतात.

परंतु या उपायाची किंमत थांबणाऱ्याला मोजावी लागते. चारही दिशांना सारखा वेळ दिला, तर ६० सेकंदांच्या चक्रात एका दिशेने सुमारे ४९ सेकंद थांबावे लागते. १२० सेकंदांच्या चक्रात ९४ सेकंद, आणि १८० सेकंदांच्या चक्रात १३९ सेकंद. म्हणजे १२० वरून १८० वर गेल्याने चौकाची क्षमता जेमतेम चार-पाच टक्क्यांनी वाढते, पण लाल दिव्यापुढील प्रतीक्षा पाऊण मिनिटाने लांबते. औषधाची मात्रा वाढवत गेल्यावर गुण कमी व त्रास अधिक व्हावा, तसा हा प्रकार आहे.

शेवटच्या वाहनांचा भार

ब्रिटनमधील संशोधक एफ. व्ही. वेब्स्टर यांनी १९५८ साली सिग्नलच्या चक्राची योग्य लांबी काढण्याचे एक सूत्र मांडले. आजही जगभरचे वाहतूक अभियंते ते शिकतात. वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट करावी, त्यात पाच मिळवावे, आणि चौकाच्या वेळेचा जो हिस्सा वाहनांच्या मागणीनंतर शिल्लक उरतो त्याने भागावे, असे त्याचे स्वरूप आहे.

आपल्या चौकात १६ सेकंद वाया जातात, असे आपण धरले आहे. चारही दिशांच्या वाहनांना मिळून चौकाचा निम्मा वेळ लागत असेल, तर योग्य चक्र ५८ सेकंदांचे येते. वाहने वाढून ७५ टक्के वेळ लागू लागला, की ते ११६ सेकंदांचे होते. मागणी ८५ टक्क्यांवर गेली, की १९३ सेकंद. ९० टक्क्यांवर २९० सेकंद. आणि मागणी शंभर टक्क्यांना टेकली, की सूत्र उत्तरच देत नाही. अशा वेळी कोणतेही चक्र पुरे पडत नाही. प्रत्येक हिरव्या दिव्यानंतर काही वाहने मागे उरतात आणि रांग वाढत जाते. ती मागील चौकापर्यंत पोहोचली, की तेथील दिवा हिरवा असूनही वाहनांना पुढे सरकण्यास जागा नसते. यालाच आपण कोंडी म्हणतो.

या आकड्यांतून एक आशादायक गोष्टही निघते. कोंडी वाहनांच्या संख्येच्या प्रमाणात वाढत नाही. शेवटच्या काही वाहनांनी ती एकदम भडकते. त्याच न्यायाने थोडी वाहने कमी झाली, तरी ती बरीच निवळते. ८५ टक्के मागणी असलेल्या चौकात दहापैकी एक वाहन कमी झाले, तर योग्य चक्र १९३ सेकंदांवरून सुमारे १२३ सेकंदांवर येते. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे जानेवारी २००६ पासून सात महिने मध्यवर्ती भागात येणाऱ्या वाहनांवर प्रायोगिक कर लावण्यात आला, तेव्हा वाहतूक सुमारे वीस टक्क्यांनी घटली आणि रांगा लक्षणीय कमी झाल्या. २००७ साली तो कर कायम करण्यात आला.

पूल बांधले की प्रश्न सुटतो काय?

आपल्याकडे कोंडी झाली की उड्डाणपुलाची मागणी होते. काही ठिकाणी तो आवश्यकच असतो. चांदणी चौकातील जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे पाडण्यात आला व ऑगस्ट २०२३ मध्ये तेथील नव्या मार्गरचनेचे उद्घाटन झाले. परंतु विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल २०२० साली पाडावे लागले, कारण मेट्रोसह नवी दुमजली रचना तेथे उभारायची होती. एका पिढीच्या आतच पूल अपुरा ठरतो, याचे हे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. रस्ता रुंद झाला की प्रवास सुखाचा होतो. तो सुखाचा झाला की अधिक लोक स्वतःची गाडी बाहेर काढतात. आणि काही वर्षांत रांग पूर्वीइतकीच होते. अमेरिकन अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ सालीच हे निरीक्षण नोंदवले होते.

याउलट, एक बस रस्त्यावर साधारण तीन मोटारींइतकी जागा घेते व चाळीस-पन्नास माणसांना नेते. पुण्यात सातारा रस्त्यावरच, कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर, २००६ साली बससाठी राखीव मार्गिकेचा प्रयोग सुरू झाला. त्यामागील विचार योग्य होता. मात्र राखीव मार्ग खरोखरच राखीव राहण्यासाठी लागणारी शिस्त आपण दाखवू शकलो नाही. मार्च २०२२ मध्ये पुणे मेट्रो धावू लागली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती स्वारगेटपर्यंत पोहोचली. गावाकडून एसटीने येणाऱ्या प्रवाशाला स्वारगेटहून पुढे भुयारी मार्गाने जाता येऊ लागले, ही मोठी सोय झाली आहे.

आपला वाटा

येथपर्यंत यंत्रणेचा विचार झाला. परंतु चौकात थांबणारा प्रत्येक जण त्या यंत्रणेचा भाग असतो. दिवा लाल झाल्यावरही ‘एवढा एक जाऊ दे’ म्हणून घुसणारे आपण दुसऱ्या बाजूच्या लोकांचे दोन सेकंद घेतो. हे दोन सेकंद क्षुल्लक वाटतात. पण प्रत्येक पाळीत असेच घडले, तर वाया जाणारा वेळ १६ वरून २४ सेकंदांवर जातो. आणि वेब्स्टर यांच्या सूत्राप्रमाणे, ७५ टक्के मागणी असलेल्या त्याच चौकाला ११६ ऐवजी १६४ सेकंदांचे चक्र लागते. दोन सेकंद चोरणाऱ्यांमुळे चक्र ४८ सेकंदांनी लांबते. ज्या लांब सिग्नलला आपण दोष देतो, त्याचा काही भाग असा आपल्याच हातून घडलेला असतो.

हॉर्नचेही तेच. मुंबई पोलिसांनी २०१९ च्या अखेरीस काही चौकांत एक प्रयोग केला व २०२० च्या आरंभी तो लोकांपुढे आणला. चौकातील आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला, की लाल दिव्याची उलटी गणती पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. जितका गोंगाट, तितकी प्रतीक्षा! त्या चित्रफितीने देशभर हसू उमटवले, पण त्यातील शिकवण गंभीर होती. हॉर्नने दिवा हिरवा होत नाही. शेजारच्या रुग्णाचा, बालकाचा व वृद्धाचा जीव मात्र कासावीस होतो.

पायी चालणाऱ्याचा विचार तर आपण फारच कमी करतो. वीस मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यास धडधाकट माणसाला सुमारे सतरा सेकंद लागतात, काठी टेकत चालणाऱ्या आजीला पंचवीस. आपण लाल दिव्यापुढे जे थांबतो, त्यातील काही सेकंद या आजीचे असतात. झेब्रा पट्ट्यांवर गाडी उभी करणारा तिची वाटच बुजवतो.

आणि शेवटी रुग्णवाहिका. सातारा, कराडकडून अत्यवस्थ रुग्णाला घेऊन निघालेली १०८ क्रमांकाची गाडी महामार्गावरून वेगाने येते व शहराच्या तोंडाशी अडकते. तिला वाट न देणे हा २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यानुसार गुन्हा आहे. त्यासाठी दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु दंडाच्या भीतीपेक्षा आतील रुग्ण आपला कोणी असू शकतो, ही जाणीव अधिक मोलाची आहे. चौकाच्या मध्यात गाडी न अडकवणे आणि डावीकडे वळणारी वाट मोकळी ठेवणे, एवढ्यानेही तिला मार्ग मिळू शकतो.

काय करता येईल?

पुढील पाच गोष्टी आपल्या कुटुंबापासून सुरू करता येतील.

१. पुढे जागा असल्याखेरीज, दिवा हिरवा असला तरी, चौकात गाडी घालू नये.
२. पांढऱ्या थांबारेषेच्या अलीकडेच थांबावे.
३. थांबा लांब असेल, तर इंजिन बंद करावे. दिल्लीत २०२० साली याच हेतूने मोहीम राबवण्यात आली होती. इंधन वाचते आणि मागील दुचाकीस्वाराला धूर गिळावा लागत नाही.
४. शहरात शक्य तेव्हा पीएमपी बस, मेट्रो वा शेजाऱ्याबरोबर एका गाडीतून प्रवास करावा. दहा वाहनांतील ते एक कमी झालेले वाहन आपले असावे.
५. वेळेचा हिशेब करताना चौकातील थांबे आधीच धरून पंधरा मिनिटे लवकर निघावे. उशिराने निघालेला माणूसच सहसा सिग्नल तोडतो.

गावाकडील पालकांनी पुण्यात दुचाकी चालवणाऱ्या आपल्या मुलामुलींना ‘लवकर ये’ असे फोनवर सांगण्याऐवजी ‘सावकाश ये, आम्ही जेवणासाठी थांबतो’ असे सांगावे. उंब्रजच्या घरी ताट अर्धा तास उशिरा वाढले, तरी काही बिघडत नाही. मूल सुखरूप घरी पोहोचणे महत्त्वाचे.